डिंकआजींची अर्धी गोष्ट

बाइंडिंगच्या दुकानात उभी हयात गेल्यामुळे त्यांच्या बोटांना कायम चिकटवायच्या खळीचा वास यायचा. म्हणून गल्लीतल्या पोरांनी त्यांना नाव ठेवलं डिंकआजी. त्यांनाही ते आवडायचं. "चिकटले की सुटत नाही मी," असं म्हणायच्या.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की दुपारी पोरं त्यांच्या जिन्यावर जमत. डिंकआजी फाटकी पुस्तकं शिवून, चिकटवून धडधाकट करत आणि त्यातली एखादी गोष्ट रंगवून वाचत. राक्षस दाराशी आला रे आला, की पुस्तक फटकन बंद! "पुढचं ज्याचं त्यानं वाचायचं आणि उद्या मला सांगायचं." पोरं चिडत, "आजी, तुम्ही दुष्ट आहात," म्हणत, आणि घरी जाऊन मुकाट्यानं वाचत.

यंदा मात्र त्यांचा सगळा जीव चिमणीत अडकला होता. चिमणी म्हणजे धाकट्या जावेची नात. अक्षरं ओळखायची, पण ओळ वाच म्हटलं की डोळ्यांना धारा. वर्गाच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, शाळा उघडेपर्यंत वाचायला आलं नाही तर पुन्हा त्याच वर्गात बसवू.

दोन्ही जावांची घरं शेजारी, मधल्या भिंतीत दार पाडलेलं. त्या दाराची कडी लागलेली कुणी पाहिली नव्हती. एकीची साखर संपली की दुसरीच्या डब्यात चमचा. धाकटीनंच पदर पसरला होता, "ताई, एवढ्या पोरीचं तुम्ही बघा."

आणि काय आश्चर्य! चिमणी रोज उरलेली गोष्ट घडाघडा सांगू लागली. डिंकआजींना आभाळ ठेंगणं झालं. भेटेल त्याला सांगायच्या, "आमची चिमणी वाचते हं!" बाईंनाही तसा निरोप धाडून मोकळ्या झाल्या.

सुट्टी संपत आली तेव्हा लंगड्या शेळीच्या पुस्तकाची पाळी आली. शेवटचं पान कधीच गळून गेलेलं. डिंकआजींनी स्वतः ठळक अक्षरात नवं लिहून चिकटवलं. जुन्या गोष्टीत शेळी घरी परतायची. यांच्या पानावर ती नावाडीण झाली, आणि तिच्या नावेत पहिली बसली ती चिमणी. पोर स्वतःचं नाव वाचून कशी उडी मारेल, एवढ्याच मजेपायी हा खटाटोप.

दुसऱ्या दिवशी चिमणी आली आणि म्हणाली, "मग शेळी घरी आली आणि सगळ्यांना आनंद झाला."

डिंकआजींचा हात खळीच्या वाटीतच राहिला. "कुठं वाचलंस हे?"

"पुस्तकात."

"शेवटच्या पानावर नावेत कोण बसलंय?"

चिमणीनं मधल्या दाराकडे पाहिलं. "माझी आजी म्हणाली, सांगू नकोस."

धाकटीला ती गोष्ट तोंडपाठ. तिचा मुलगा त्याच पुस्तकावर वाढलेला. शेवटचं पान उघडून बघायची गरजच पडली नव्हती तिला.

"रोज तूच वाचून दाखवायचीस?" डिंकआजींनी मधल्या दारात जाऊन धाकटीला विचारलं.

"पोर रडायची हो, बघवेना. आणि तुम्ही इतक्या खूश व्हायचात, मग सांगवेना."

"म्हणजे मलाही गोष्टच सांगत होतीस. केसानं गळा कापलास गं."

"अहो, एवढं काय त्यात? आजी आहे मी तिची, वैरीण नाही!"

"बाई पुढ्यात पुस्तक ठेवतील, तेव्हा बाकावर शेजारी बसशील?"



डिंकआजींनी चिमणीला आत घेतलं, मधलं दार ओढलं आणि कडी लावली. गंजलेली होती, ठोकावी लागली. पलीकडून थापा आल्या, "ताई! अहो ताई!" डिंकआजींनी चिमणीपुढे चिकटवलेलं पान ठेवलं. पोर रडली. यांनी पुस्तक मिटलं नाही, की तिचे डोळे पुसले नाहीत.

बऱ्याच वेळानं एक इवलंसं बोट ओळीखाली सरकलं. "चि... म..."

थापा थांबल्या. दाराआडून हलकेच आवाज आला, "णी."

डिंकआजींनी दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. आपले खळीचे हात पोरीच्या दोन्ही कानांवर ठेवले, आणि हनुवटीनंच तिला ओळीची सुरुवात दाखवली.