सापाचं पोट

आमच्या मसातदादाने दगडात वाघ घडवले, टोळ घडवले, पण त्याचा जीव सापांत. साप कात टाकून नवा होतो, तशीच जमीनही. म्हणून देवळाच्या अंगणात साप हवाच. हिरवा दगड हाती आला की दादा अक्षरशः नाचायचा. हिरव्यात पाणी असतं, आणि पाणी असलं तरच मका! जबड्यात लाल शिंपला राळेने बसवायचं काम माझं, धाकट्या भावाचं.

मूर्ती एकदा ठेवली की वेटोळ्याखालचं पोट जन्मात कुणाला दिसत नाही. तरी ते कोरायचं, ही आमची रीत. पाठ माणसांसाठी, पोट जमिनीसाठी.

त्या वर्षी दादाचा एक डोळा गेला होता आणि दुसऱ्यावर पडदा चढला होता. हा शेवटचा साप, हे त्याला ठाऊक होतं, आम्हालाही. पाठ झाली. मूर्ती उलटी करून त्याने पोटावर कोळशाने चौकोनी खवले आखले, गुरूने शिकवले तसे, पाठीवर असतात तसेच. मग हात थांबला.

"खऱ्या सापाचं पोट मी कधी बघितलंच नाही रे," तो म्हणाला.

"कोण बघणार? त्याला उताणा करायला थांबतंय कोण!" मी म्हणालो.

देवळाची माणसं तराफा घेऊन यायला तीनच दिवस होते. तरी पठ्ठ्याने शिकाऱ्याकडून शेपटीला खुळखुळा असलेला जिवंत साप आणवला, टोपलीत घालून. शोकोवहिनीने कपाळावर हात मारला.

"अहो, या घरात एक तर मी राहीन, नाही तर तो!"

"तो तीनच दिवस आहे गं."

आणि पुढच्याच पावलाला त्या आंधळ्याचा पाय टोपलीला लागला! झाकण उडालं, खुळखुळा वाजला, मी थेट भिंतीवर. खोटं कशाला सांगू, किंचाळलोसुद्धा.

वहिनी मात्र डोंगरातली. तिने चुलीमागची तंबाखूची पूड मूठभर घेतली आणि नेम धरून सापाच्या तोंडावर फेकली. पुन्हा एक मूठ. साप झिंगला, सैल पडला. तिने चिमट्यासारख्या बोटांनी मान धरली, शेपूट धरली आणि त्याला उताणा करून दादाच्या नाकासमोर नेलं.

"बघा! लवकर बघा! हात भरून आला माझा!"

"दिसत नाही गं..."

"मग बोट लावा!"

दादाने बोट लावलं. मानेपासून खाली फिरवत नेलं, थांबला, पुन्हा फिरवलं.

"पट्ट्या!" तो ओरडला. "आडव्या पट्ट्या आहेत, या कडेपासून त्या कडेपर्यंत! चौकोन नाहीतच! गुरू चुकला, त्याचा गुरू चुकला, आणि मी एकोणीस साप चुकीचे कोरले!"

रडेल असं वाटलं. पण म्हातारा हसत होता! वहिनीने साप टोपलीत घालून झाकण घट्ट बांधलं आणि दादाने ओल्या फडक्याने कोळसा खसाखसा पुसला. तीन दिवस आम्ही धड जेवलो नाही. वहिनी शेजारी बसून सांगायची, "आता अरुंद करा... इथून शेपूट निमुळती होते," आणि तो वाळू-पाणी घालून घासत राहायचा. माझ्याही अंगात वारं संचारलं होतं. आखणी पुसायच्या फडक्यावरून मी एकदा त्याच्याशी भांडलोसुद्धा!

तराफा आला. मुकादमाने पाठीवर नजर टाकली. "पाठ तर मागे बघून गेलो तेव्हाच झाली होती की. तीन दिवस काय केलंत?"

"झोपलो होतो," दादा म्हणाला.

दोर लावून मूर्ती उचलली, सुलटी केली, तराफ्यावर टेकवणार एवढ्यात दादा ओरडला, "थांबा!" त्याने वहिनीचा हात धरला आणि अधांतरी सापाच्या पोटाला लावला. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याने आपलं काम तिला पहिल्यांदाच तपासायला दिलं होतं. दोर करकरत होते, माणसं शिव्या देत होती. तिने डोळे मिटून बोटं शेपटीपर्यंत नेली.

"हाच तो," ती म्हणाली. "आता ठेवा."