आहेराचे डबे

आमच्या स्वयंपाकघरात सध्या चोवीस काचेच्या बरण्या आहेत. एका उंचीच्या, एका तोंडाच्या, एकसारख्या झाकणांच्या, आणि सगळ्या रिकाम्या. घरी येणारा प्रत्येक जण त्यांचं कौतुक करतो. माझं डोकं उठतं.

मुलगी दिवाळीला पुण्याहून लातूरला आली होती. मी कामासाठी दिवसभर निलंग्याला होतो. संध्याकाळी परत आलो तर ओट्यावरच्या कपाटांतलं सगळं बदललेलं. स्टीलच्या जुन्या डब्यांपैकी एकही जागेवर नव्हता. ते तिने गंजगोलाईतल्या भांड्यांच्या दुकानात मोडीत देऊन टाकले होते. नव्या बरण्यांवर ठळक अक्षरांत छापलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. म्हणाली, "आईला लांबून वाचता यावं म्हणून, बाबा."

आईला जवळूनही वाचता येत नाही. शुगरमुळे बायकोची नजर इतकी गेलीय, की चिठ्ठी सोडाच, बरणीसुद्धा तिला नुसती सावली दिसते. हे मी सोडून कुणाला ठाऊक नव्हतं, कारण स्वयंपाकघरात तिचं काहीच अडत नव्हतं.

ते डबे आमच्या लग्नातल्या आहेराचे. आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव मशीनने ठिपके पाडून कोरून घ्यायची आमच्याकडे पद्धत आहे. बायको त्यावरून बोट फिरवायची आणि डबा ओळखायची. उमरीच्या मावशींचं नाव दोन ओळींत, त्यात साखर. मामांचं तीन अक्षरी, त्यात तूरडाळ. चाकूरच्या आत्याबाईंचं नाव कोरणाऱ्याने तिरकं टाकलं होतं, त्यात येसर, म्हणजे धान्य आणि मसाले भाजून दळलेलं आमटीचं पीठ. ती डोळे मिटून येसर आमटी करते, असं पाहुणे म्हणायचे. ते किती खरं होतं हे त्यांना माहीत नव्हतं.

मुलगी गेल्यावर बायको एकेक बरणी उघडून वास घेऊ लागली, बोटावर चव बघू लागली. एक बरणी हातातून सुटून फुटायची राहिली. मग तिने ते सोडलं. खुर्चीवर बसून मला विचारायची, मीठ कोणतं, हळद कुठंय. जिने इतक्या वर्षांत मला ओट्याजवळ फिरकू दिलं नाही, ती बाई स्वतःच्या चहासाठी माझी वाट बघत बसली होती.

मी मुलीला फोन लावायला घेतला.

"ठेवा तो फोन," बायको म्हणाली. "लेकराने हौसेनं केलंय."

"आणि तू?"

"मी बसते की खुर्चीवर. म्हाताऱ्या बसतातच."

बावन्न वर्षांची बाई ही. मी स्कूटर काढली आणि तिला मागे बसवलं.

दुकानदार मला ओळखत होता. मोडीचा माल नांदेडच्या गाडीने जातो, गाडी अजून यायची होती. तरी मी त्याच्यावर विनाकारण डाफरलो. त्याने मागची खोली उघडली. बायको पोत्यावर बसली आणि त्या ढिगात एकेक डबा बोटाने वाचू लागली. मामा सापडले. आत्याबाई सापडल्या, तेव्हा ती हसली. होता होता सगळे निघाले, मावशींचा तेवढा नाही. ढीग पुन्हा उपसला, तरी नाही.

तिने त्याच मापाचा नवा डबा घेतला. दुकानदाराने मशीन हातात घेऊन विचारलं, "भाभी, कुणाचं नाव टाकू?"

"माझंच टाका. पूर्ण."

त्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला. बायको गॅसपाशी उभी होती, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला होता. मुलीने बरण्यांचं विचारलं. बायको म्हणाली, "लई छान हायत."

"रिकाम्या आहेत," मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो.

बायकोने माझ्याकडे, म्हणजे आवाजाच्या दिशेने, असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर गप्प झाला असता. पलीकडून मुलगी विचारत राहिली, बाबा काय म्हणाले, का रिकाम्या. शेवटी बायकोने सांगितलं, "मला दिसत न्हाई गं आता. डबे हाताला कळायचे."

मुलगी रडू लागली. बायको तिची समजूत घालत होती, आणि घालता घालता स्वतःचं नाव चाचपून तिने चहात साखर टाकली. मला कपात ओतून दिला, पण माझ्याशी बोलली नाही. इतके दिवस मुलीपासून लपवलं, मलाही लपवायला लावलं, म्हणून मलाही तिचा राग आला होता, आणि अजून आहे.