देणाऱ्याचं नाव

वाशिमला आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो मोबाइल दुरुस्तीवाला बसतो, त्याला मी भाऊ म्हणतो, तोही मला भाऊच म्हणतो. नावाची गरज कधी पडली नाही. बोलताना तो माणसाकडे नाही, हातातल्या स्क्रूकडे पाहतो.

विकलेल्या वस्तू निकामी झाल्या की त्यांचा कचरा कंपनीनेच परत न्यायचा, असा आता नियम आहे. म्हणून एका कंपनीने त्याच्या दुकानात हिरवा डबा ठेवलाय. डब्यात पडणारी प्रत्येक वस्तू भाऊ वहीत लिहितो, पुढे देणाऱ्याचं नाव. अँटेनाला लाल दोरा बांधलेला माझा रेडिओही त्याने तसाच लिहून घेतला. मला हे जरा अतीच वाटायचं.

दर मार्चला कंपनीचा माणूस येतो, डब्याचा फोटो काढतो आणि माल उचलल्याच्या कागदावर सही मागतो. यंदा भाऊने पेन उचललंच नाही.

“माल तं इथंच हाये. आधी न्या, मंग सही करतो.”

त्याने स्वतःच डबा त्या माणसाच्या गाडीच्या डिक्कीत रिकामा केला, मग सही दिली.

चार दिवसांनी अनसिंगहून येताना रस्त्याकडेच्या नालीत मला लाल दोरा दिसला. सगळा माल तिथेच पडला होता. मी भाऊला सांगितलं. तो पोतं घेऊन गेला आणि सगळं वेचून आणलं.

मग वही उघडली.

“परत काहून लिहून राह्यले, भाऊ?” मी विचारलं.

“माल परत आला ना,” तो स्क्रूकडे पाहत म्हणाला.

रेडिओपुढे, देणाऱ्याच्या रकान्यात, त्याने कंपनीचं नाव लिहिलं.