डाव्या हाताची मूठ

पिस्तुलाची मूठ चांगली की वाईट हे बघून कळत नाही. बघून फसायलाच होतं. लाकडाच्या रेषा सुरेख असतात, पॉलिश चकचकीत असतं आणि घामेजल्या हातातून तीच मूठ साबणासारखी निसटते. मी डोळे मिटून पारखायची. आधी लाकूड आणि लोखंड जिथे मिळतं तिथून नख फिरवायचं. नख अडकलं की काम परत. मग हाताला तेल लावून धरायची, मग पाण्याने ओला करून. शेवटी तळव्याला तांदळाचं पीठ लावून आवळायची. पीठ हातावरच राहिलं तर तिथे लाकूड हाताला लागत नाही असं समजायचं. गिऱ्हाइकाचा हात माझ्याहून मोठा असेल तर त्याच्याकडूनही तेच करून घ्यायचं.

हे मला कोणी शिकवलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. नवरा सुतार, रत्नागिरीकडचाच. गलबतांच्या कामाला म्हणून दुबईला आला आणि मागून मला बोलावून घेतलं. तेव्हा इथे अमिरात नव्हती, दिरहम नव्हता. आज मी मुलाकडे नहदा वस्तीत राहते, खिडकीतून नुसत्या इमारती दिसतात. तेव्हा आमचं दुबईच्या देरा भागात खाडीजवळ खजुरीच्या झापांचं घर होतं. पुढच्या भागात नवऱ्याचं काम, मागे माझी चूल, मध्ये गोणपाटाचा पडदा. एका व्यापाऱ्याच्या रखवालदाराच्या पिस्तुलाची मूठ उन्हाने तडकली होती. नवऱ्याने त्याला शिसवीची करून दिली. त्याचं बघून दुसरे आले आणि गलबतं राहिली बाजूला. रंधा मारून नवऱ्याचे हात राठ झाले होते, त्याला बारीक खडबड कळायची नाही. माझे हात भाकऱ्या थापणारे. त्यामुळे झालेली मूठ आधी पडद्याआड माझ्याकडे यायची.

गिऱ्हाईक आलं की मी मेण चुलीजवळ मऊ करायची आणि गोळा पडद्याखालून पुढे सरकवायची. माणूस तो मुठीत आवळायचा. त्याच्या बोटांच्या खाचा उठायच्या, त्यावरून नवरा लाकूड कोरायचा. गिऱ्हाइकांचे चेहरे मी कधी पाहिले नाहीत. हात तेवढे पडद्याखालून दिसायचे. आवळलेले गोळे मागे माझ्या बाजूला फळीवर ठेवलेले असायचे, पाण्याच्या रांजणाजवळ, कारण तिथे जरा गारवा. तरी उन्हाळ्यात मेण बसायचंच. खाचा हळूहळू भरून यायच्या, आवळलेलं सैल व्हायचं. सकाळी घट्ट दिसलेला गोळा दुपारी बघावा तर बोटं सोडल्यासारखा. दुपारी सगळा देरा झोपलेला असायचा, वाऱ्याने झापं वाजायची. मी त्या फळीकडे पाठ करून कधी बसले नाही. भीती वाटायची असं नाही. पण पाठ करायची नाही, एवढं खरं.

अशाच उन्हाळ्यात एक तरुण आला. तो इथलाच अरब, आवाजावरून विशीतला. बापाचं पिस्तूल घेऊन आला होता. बाप त्या हिवाळ्यात तापाने गेला होता.

"ह्यात माझा हात बसत नाही," तो नवऱ्याला सांगत होता. तोवर मला अरबी बोलता येत नसलं तरी कळायला लागलं होतं. "धरलं की वाटतं, आत आधीच कोणीतरी आहे."

नवरा हसला. "पिस्तुलात कोण असणार? गोळी."

"गोळी नाही. हात."

नवरा हसायचा थांबला. "बरं. नवी करून देतो. जुनीचं काय करू?"

"मला परत नको. आई म्हणते समुद्रात टाक. तुम्हीच काय ते करा."

मी मेण दिलं. पडद्याखालून त्याचा हात दिसला. उजवा, लांब बोटांचा, सरळ. गोळा आवळून तो गेला.

नवऱ्याने पिस्तूल मागे आणलं. गोळ्या काढलेल्या होत्या. "बघ गं, काय खोट आहे ह्यात. मला तर काम चांगलं दिसतंय."

मी नख फिरवलं, कुठे अडकलं नाही. डोळे मिटून उजव्या हातात धरलं. त्या पोराचं खरं होतं. बोटं जिथे जायला हवीत तिथे उंचवटे आणि जिथे नकोत तिथे खड्डे. मी पिस्तूल डाव्या हातात घेतलं.

हात आत गेला. दुसरा शब्द नाही त्याला. अंगठा, तर्जनी, सगळं जागच्या जागी बसलं आणि करंगळी वाकडी होऊन एका खाचेत गेली. ती खाच सरळ नव्हती, शेजारच्या बोटाकडे वळलेली होती.

माझ्या दोन्ही करंगळ्या तशाच वळलेल्या आहेत आणि मी डावरी आहे. लहानपणी त्यावरून मार खाल्ला. माझी आजी म्हणायची, "बापाचा हात घेऊन आलीय कार्टी." बापाचाही डावा हात आजीने लहानपणी कमरेला बांधून ठेवला होता म्हणे.

माझा बाप खलाशी. मी शाळेत जायला लागले त्या सुमारास कौलं भरलेल्या गलबतावर तो इकडच्या किनाऱ्याला आला. गलबत परत आलं, तो आला नाही. बाकीच्यांनी सांगितलं, शारजाला उतरला आणि निघायच्या वेळी सापडला नाही. पुढच्या गलबताने येईल. पुढची किती गलबतं आली. माझ्या आईच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या त्या तशाच राहिल्या. जमातीतली माणसं येऊन सांगायची, "त्याला मेला समज, इद्दतीचे चार महिने दहा दिवस बस, मोकळी हो." आई म्हणायची, "मयत दाखवा, बसते." गावात तिला ना कोणी सवाष्णीसारखं बोलवायचं, ना विधवेसारखं सोडायचं. लग्नात ती दाराच्या बाहेर उभी असायची.

हे सगळं मी नवऱ्याला सांगितलं. तो खाली बसला.

"अगं, वाकडी करंगळी काय तुमच्याच घराण्याला दिलीय अल्लाने?"

"आणि डावा हात?"

"डावरे काय कमी आहेत? आमच्या गल्लीतच दोन आहेत."

"मग तुम्ही धरून बघा."

त्याने डाव्या हातात धरलं. लगेच खाली ठेवलं. "मला काय कळतंय," असं म्हणून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने मुठीच्या दोन्ही बाजूंचे लाकडी तुकडे पिस्तुलावरून सोडवून माझ्यापुढे टाकले. दुपारी तो झोपल्यावर मी ते पुन्हा जोडून दोऱ्याने बांधले. मेणाची जाड पोळी लाटली आणि त्या मुठीभोवती लपेटून चारी बाजूंनी दाबली. गार होऊ दिली. मग एका कडेने उचलून लाकूड अलगद बाहेर काढलं.

मेणाचा तळवा होता. बोटं आत वळलेली, करंगळी वाकडी, मध्ये हात घालण्याएवढी पोकळी. लाकडाने इतकी वर्षं धरून ठेवलेला हात मेणात आला होता. बाहेर वारा पडलेला, झापं गप्प. बाप धक्क्यावर जाताना माझा हात धरायचा असं आई सांगायची. मी त्या मेणात माझा हात ठेवला. मला काही आठवलं नाही. फक्त मेण अजून कोमट होतं, आणि ते चुलीमुळे आहे हे मला ठाऊक असूनही मी हात पटकन काढून घेतला.

मग तो तळवा फळीवर ठेवला.

नवी मूठ तयार झाली. बोराच्या लाकडाची केली होती. मी पारखली, दोनदा परत पाठवली, नवरा वैतागला. "खलास कर आता, कोणाच्या लग्नात मिरवायची नाहीये ती." तिसऱ्यांदा मला काही सापडलं नाही. तरुण आला तेव्हा मी पडद्याला टेकून बसले. नवऱ्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं काय विचारायचं.

त्याने मूठ धरली. सोडली, पुन्हा धरली. मग म्हणाला, "रिकामी आहे." खूश झाला होता.

"तुझा बाप," नवऱ्याने विचारलं, "जेवायचा कुठल्या हाताने?"

"उजव्या. का?"

"आणि बाकीचं?"

"बाकीचं डाव्या. चार माणसांत बसला की डावा हात कपड्यात लपवायचा. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मुठीवरून कळतं. कुठला होता?"

"समुद्राचा. आईने विचारलं की एवढंच सांगायचा. इकडे माझ्या आजोबांकडे कामाला राहिला, तिथेच लग्न झालं." मग त्याचा आवाज बदलला. "पडद्यामागे कोण आहे?"

"माझी बायको."

"श्वास ऐकू येतोय."

"बायका श्वास घेतात," नवरा म्हणाला.

पडद्याखालून मला त्याचे पाय दिसले. ते पडद्याकडे वळले होते. एक हात खाली आला, पडद्याची कड धरली. सरळ करंगळी. मी उठून बाहेर जाऊ शकले असते. पण जाऊन त्याला काय देणार होते? त्याचा बाप गेला होता, त्याचं रडून झालं होतं. मी त्याला एक खोटारडा बाप दिला असता. मी बसून राहिले. हाताने कड सोडली. तो सलाम करून गेला. पुढे कधी आला नाही.

त्याच महिन्यात मी आगबोटीने गावी गेले. जुन्या मुठीचे दोन्ही तुकडे लुगड्यात गुंडाळून नेले. सगळ्या वाटेवर एकच विचार होता. मी सांगितलं तर आई विधवा होते. नाही सांगितलं तर मरेपर्यंत दाराबाहेर उभी राहते. शेवटी ठरवलं, मी बोलायचं नाही, लाकडाला बोलू द्यायचं.

आई पडवीत सुके बोंबील निवडत होती. मी दोन्ही तुकडे एकत्र धरून तिच्यापुढे केले.

"हे काय?"

"पिस्तुलाची मूठ. धरून बघ. डाव्या हातात."

तिने हात पुसले आणि धरली. तिची बोटं छोटी, खाचांमध्ये हरवली. तिने अंगठ्याने करंगळीची खाच चाचपली. पुन्हा चाचपली. माझ्याकडे बघितलं नाही.

"माणूस कुठे आहे?"

"गेला. ह्या हिवाळ्यात. तापाने."

"बायकापोरं?"

"बायको आहे. एक मुलगा आहे, विशीतला."

ती मूठ आवळून बसली. मांजर येऊन बोंबील उचलून गेलं, तिने हाकललं नाही.

"हा त्याचा हात नव्हे," ती म्हणाली.

"आई, करंगळी बघ."

"बघितली करंगळी. मला शिकवतेस? लाकूड बघ किती झिजलंय. किती घट्ट धरलंय ह्या माणसाने, किती वर्षं. तुझ्या बापाने काही म्हणून घट्ट धरलं नाही. ना सुकाणू, ना शेत, ना मला." ती उठली. "हा दुसरा कोणी आहे."

न्हाणीच्या चुलीत पाणी तापत होतं. तिने दोन्ही तुकडे आत सरकवले. शिसव जड, पटकन पेट घेत नाही. आम्ही दोघी उभ्या होतो. आधी मेणतेलाचा वास आला, मग कडांनी जाळ धरला. खाचा शेवटपर्यंत दिसत होत्या. मग आईने त्याच पाण्याने आंघोळ केली आणि येऊन राहिलेले बोंबील निवडायला बसली. बांगड्या हातात होत्या. ती वारली तेव्हाही होत्या. गुस्लाच्या, शेवटच्या आंघोळीच्या वेळी साबण लावून मीच काढल्या.

दुबईला परतले तोवर उन्हाळा सरत आला होता. मी नसताना रांजण कोणी भरला नव्हता, घर भट्टीसारखं तापलेलं. फळीवर बघितलं. गिऱ्हाइकांचे गोळे सगळे बसले होते. मधला तो मेणाचा तळवा उताणा पडला होता. वळलेली बोटं एकेक करून सरळ झाली होती, करंगळीसुद्धा. पूर्ण उघडा हात, हातात काही नाही.

आई म्हणाली होती तसाच.

मी तो उचलला, चुलीवर वितळवला आणि गोळा करून ठेवला. संध्याकाळी एक रखवालदार आला होता, त्याला दिला.