शिंपीणबाईंची राखण

या इमारतीत एकाचं बोलणं दुसऱ्याला धड कळत नाही. देव वेगळे, जेवण वेगळं, आणि पाण्याच्या टाकीवरून तर सगळे कायम बाह्या सरसावून. पण घराची जादा किल्ली मात्र जो तो तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या भिंतीवर टांगून मोकळा. कुणी ठराव केला नाही, कुणी पावती मागितली नाही.

त्या भिंतीवरून आज सकाळी मास्तरीणबाईंची किल्ली गायब होती. मास्तरीणबाई लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या, संध्याकाळी परतणार.

शिंपीणबाईंनी चिंध्यांचं पोतं पालथं केलं, मशीन सरकवलं, नवऱ्याचे खिसे उलटे केले. काल मापं द्यायला कोण कोण आलं होतं? एकेक चेहरा आठवून त्या त्याच्यावर संशय घेऊ लागल्या, आणि मग स्वतःचीच चीड आली.

"किल्लीवाल्याकडून कुलपावरून गुपचूप दुसरी करून घे," नवरा म्हणाला. "कुणाला कळतंय?"

"आणि हरवलेली कुणाच्या हाती लागली असेल तर?"

"मग काय दाराशी राखण करत बसणार?"

"बसते."

मास्तरीणबाईंचा फोन लागेना. काज-बटणांची पिशवी घेऊन शिंपीणबाई त्यांच्या दाराशी, जिन्यातच बसल्या.

"मावशी, इथं कुठं दुकान मांडलंत?" वरच्या मजल्यावरच्या बसड्रायव्हरनं विचारलं.

"यांची किल्ली माझ्याकडून हरवली. घर राखतेय."

तो हसला. मग हसू आटलं. "माझी आहे ना?"

"आहे."

"नाही, म्हणजे... घेऊनच जातो. तसं काही नाही हां. बायकोला लागते अधूनमधून."

"घ्या की. आमचे हे आहेत घरात."

किल्ली घेऊन वर जाताना त्यानं नजर चुकवली. दुपारपर्यंत आणखी बऱ्याच जणांच्या बायकांना किल्ल्या लागायला लागल्या. शिंपीणबाईंनी मान वर केली नाही. टाके मात्र वाकडे पडत होते.

संध्याकाळी मास्तरीणबाई आल्या. सगळं ऐकून त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. आपल्याजवळच्या किल्लीनं दार उघडून त्या आत गेल्या. कपाटं उघडल्याचे, लावल्याचे आवाज येत राहिले. बाहेर शिंपीणबाईंच्या हातातली सुई थांबलेली.

"सगळं जागच्या जागी आहे," मास्तरीणबाई बाहेर आल्या. "पण कुलूप बदलावं लागणार."

"किल्लीवाल्याला बोलावून ठेवलंय."

मास्तरीणबाईंनी दार ओढून घेतलं. "नवी किल्ली तुमच्याकडेच देते."

"नको." शिंपीणबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "जुनी कुठं गेली ते कळेपर्यंत देऊ नका. तुमच्या जागी मी असते, तर दिली नसती."