पाड्यापुढे लिहिलेलं शून्य

त्या पाड्यात तेवीस घरं आहेत, आणि दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली तिथली माणसं पावसाआधी परत येतात, हे दोन्ही मला पक्कं ठाऊक होतं. तरी तपासणीच्या तक्त्यात त्या पाड्यासमोर, ‘प्रत्यक्ष राहणारी कुटुंबं’ या रकान्यात, मी शून्य लिहिलं. मला कुणी तसं लिहायला लावलं नव्हतं. पेन माझं होतं, खालची सही माझी होती.

मी पाणीपुरवठ्याच्या कामातला कनिष्ठ अभियंता. नोकरीची बरीच वर्षं पालघर आणि बोईसरच्या मधे गेली. पालघरला स्टेशनपासून थोडं लांब, दुसऱ्या मजल्यावर माझी दोन खोल्यांची जागा आहे. लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. त्यातही दोष जास्त माझाच होता, पण ती हकीकत वेगळी. घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं, म्हणून मी ऑफिसात बसून राहायचो, आणि लोक त्याला कामसूपणा समजायचे. हळूहळू मीही तसंच समजू लागलो.

बोईसर आणि लगतच्या वस्त्यांसाठी नव्या पाणीयोजनेचा आराखडा करायचं ठरलं तेव्हाची ही गोष्ट. अशी योजना फक्त आजच्या माणसांसाठी नसते. पुढच्या तीस वर्षांत गाव किती वाढेल याचा अंदाज बांधायचा, तेवढ्यांना पुरेल अशी टाकी आणि त्या मापाचे पाइप धरायचे, खर्च काढायचा, आणि कागद मंजुरीला पाठवायचे. काही भाग सरकारी अनुदानाचा, काही कर्जाचा. कर्ज पुढे लोकांच्या पाणीपट्टीतून फिटायचं. पैसा टप्प्याटप्प्याने येतो. पण आराखड्यात जे नसतं, त्याच्यासाठी तो कुठल्याच टप्प्यात येत नाही. एखादी वस्ती राहून गेली असं नंतर लक्षात आलं तर नवा प्रस्ताव, नवी मंजुरी. आणि तोवर जमिनीत गेलेला पाइप काही रुंद होत नाही.

घरांच्या याद्या दुसऱ्यांनी केल्या होत्या. कडेच्या वस्त्यांवर जाऊन त्या खऱ्या आहेत का ते पाहणं माझ्याकडे आलं.

बोईसरजवळ सरावलीला मी तीन दिवस फिरलो. कारखान्यातल्या कामगारांच्या खोल्या. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारी सहा-सात माणसं. मी दारातल्या चपला मोजून आकडा लिहीत होतो, तर आतून एकजण ओरडला, “साहब, चप्पल मत गिनो, मेरी तो चोरी हो गई!” सगळे हसले. दुसऱ्याने कोपऱ्यात तोंडावर चादर घेऊन झोपलेल्याकडे बोट दाखवलं. “इसको भी लिखो. रात पाली वाला है, पानी तो ये भी पीता है.” मी त्यालाही लिहिलं. झोपलेली माणसंसुद्धा मी सोडली नाहीत, याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

पाड्यावर मी शेवटच्या दिवशी गेलो. वाणगावच्या दिशेला, रस्ता सोडून पाऊण तास चाललं की एका चढावर ती घरं लागतात. दारांना तारा पिळलेल्या. कोंबड्या तेवढ्या फिरत होत्या. हाक मारली तेव्हा शेवटच्या घरामागून एक म्हातारी आली. गुडघ्यांमुळे चालवत नव्हतं म्हणून तिला भट्टीवर नेलं नव्हतं. सगळ्या पाड्याची राखण तिच्याकडे होती.

“तू कोन?” तिने विचारलं. तिकडे लहानथोर सगळ्यांना ‘तू’च म्हणतात.

“पाण्याच्या योजनेचा आहे, आजी. माणसं मोजायला आलोय.”

“मानसं मोजायला आलास नि मानसं नसताना आलास? लई हुशार हायस.”

मी हसलो. ती हसली नाही. तिने घरांच्या पडवीतले हंडे दाखवले. प्रत्येक दारात दोन-तीन, पालथे घालून ठेवलेले.

“हे बघ. जो परत येनार नाय, तो हंडा ठेवून जाईल का? हंडे मोज नि लिव.”

“लिहितो,” मी म्हणालो.

तिने मला पाणी दिलं. विहीर खाली उतारावर होती, आणि म्हातारीचे गुडघे असे. ते पाणी वर यायला किती वेळ लागला असेल, हा विचार मला पिऊन झाल्यावर सुचला. मग ती माझ्याबद्दल विचारू लागली. घरी कोण, पोरं किती. मी म्हणालो, कुणी नाही, एकटाच असतो.

“दिवसभर घर बंद?”

“बंदच.”

“मंग तुला कसा मोजत्यात?”

मी काहीतरी बोलून विषय संपवला आणि निघालो. चढ उतरल्यावर एकदा मागे पाहिलं. ती तशीच उभी होती. दुसरं माणूस दिसून तिला किती दिवस झाले असतील, कोण जाणे. मला उभं राहून आणखी चार शब्द बोलता आले असते.

दुसऱ्या दिवशी तक्ता भरायला बसलो. शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ लिहिता आली असती: कुटुंबं कामासाठी बाहेरगावी, पावसाआधी परत येतात. पण तसं लिहिलं की वरून शंका येणार, ती परतल्यावर पुन्हा पाहणी करा म्हणणार, आणि प्रस्ताव त्या वर्षीच्या मंजुरीला हुकणार. निदान म्हातारीचं एक घर तरी लिहायला हवं होतं. पण ‘एक’ लिहिलं की प्रश्न उभे राहतात, शून्य लिहिलं की कुणी काही विचारत नाही. मी स्वतःला सांगितलं की तेवीस घरांसाठी एवढं मोठं गाव ताटकळत ठेवणं बरं नाही. खरं कारण लहान होतं. वेळेत काम देणारा माणूस म्हणून साहेबांनी माझं नाव घ्यावं, एवढंच मला हवं होतं.

नकाशा काढणारे आमचे आरेखक दांडी गावचे, कोळीवाड्यातले. निवृत्तीला आलेले. संगणकावर रेघ ओढता ओढता ते थांबले.

“सायेब, लाईन हितंच तोडायची? वर पाडा हाय ना?”

“वस्ती नाही तिथे.”

“नाय कशी? आमची बाय तितं सुकट इकायला जाते.” ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. “का सुकट भुतं खात्यात?”

“तक्त्यात शून्य आहे. तोडा.”

त्यांनी रेघ तोडली.

प्रस्ताव वेळेत गेला, मंजूर झाला. साहेबांनी बैठकीत माझं नाव घेतलं. पेढे वाटले. घरी नेलेला पेढा मी एकट्याने उभ्या उभ्या खाल्ला.

काम सुरू व्हायला दोन वर्षं लागली. चर खोदले गेले, पाइप पडले. चढाच्या पायथ्याला नव्या इमारतींची एक वसाहत उभी राहत होती, तिच्या फाटकाशी लाईन संपली. त्या इमारतींतले निम्म्याहून जास्त फ्लॅट रिकामे होते, पण आम्ही ते भरलेले धरले होते. भविष्यातली लोकसंख्या म्हणून. ज्यांनी अजून घरं घेतली नाहीत, ज्यांची मुलं अजून जन्मली नाहीत, त्यांच्यासाठी आम्ही तीस वर्षांचं पाणी राखून ठेवलं होतं. पाइप तेवढ्यांच्याच मापाचा. वर चढावर पाणी ढकलायचा जोर त्यात नव्हता.

त्याच सुमारास एका संध्याकाळी माझ्या दारात पाण्याच्या मीटरवाल्याची चिठ्ठी मिळाली. ‘घर बंद.’ पूर्वीही मिळायच्या, मी चुरगाळून टाकायचो. ती मात्र हातात घेऊन मी बराच वेळ जिन्यात उभा राहिलो. समोरच्या बाईंनी दार उघडून विचारलं, “काका, किल्ली हरवली का?” मी नाही म्हणालो आणि आत गेलो.

मग मे महिन्यात, लाईनची चाचणी घ्यायला मी त्या वसाहतीच्या फाटकावर गेलो असताना, पाड्यावरच्या बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. रखवालदार त्यांना म्हणत होता, “पाँच बजे आना. सेक्रेटरी देखेगा तो मेरी नौकरी जाएगी.” त्या वाद न घालता भिंतीच्या सावलीला बसल्या. रोजचंच असावं. एकीने मला विचारलं, “दादा, आमच्याकडं कदी येनार पानी?” मी म्हणालो, बघतो. पाड्यावरच्या माणसांशी बोललेलं माझं हे दुसरं खोटं.

त्या आठवड्यात मी लेखी दिलं. तपासणी कोणत्या दिवसांत केली, काय पाहिलं, काय ऐकलं आणि तरी काय लिहिलं, ते सगळं. पाड्यासाठी पायथ्याला पंप आणि वर वेगळी छोटी टाकी, असा पुरवणी प्रस्तावही जोडला. साहेबांनी वाचून कागद टेबलावर ठेवले.

“अहो, हे कशाला? कुणी विचारलंय का तुम्हाला?”

“नाही.”

“मग? चौकशी लागेल. वेतनवाढ जाईल.”

“जाऊ दे, साहेब.”

चौकशी लागली, ती अजून चालू आहे. पुरवणी प्रस्ताव कुठल्या वर्षीच्या यादीत बसेल, बसेल की नाही, मला सांगता येत नाही.

लेखी दिलं त्याच आठवड्यातल्या रविवारी मी पाड्यावर गेलो. या वेळी दारं उघडी होती, चुलींचा धूर होता, पोरं धावत होती. म्हातारी होती. नजर अधू झाली होती, पण आवाजावरून तिने ओळखलं.

“मोजनारा आला,” ती सुनेला म्हणाली. मग मला, “पानी आनलंस का?”

“नाही, आजी.”

“मंग कशाला आलास येवढ्या उनाचा?”

सून उंबऱ्यात थांबली. शेजारच्या घरातली दोन माणसंही येऊन उभी राहिली. ऐकणारे वाढले हे बरंच झालं. मी चपला काढल्या आणि तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

“आजी, तुम्ही सांगितलं होतं की सगळे परत येतात. मी लिहितो म्हणालो, आणि इथे कुणीच राहत नाही असं लिहिलं. तुम्ही समोर उभ्या होतात, तुम्हालासुद्धा धरलं नाही. खाली आलेलं पाणी वर आलं नाही ते माझ्यामुळे, दुसऱ्या कुणामुळे नाही. मी चुकलो. तुमची आणि या सगळ्यांची माफी मागायला आलोय.”