वाघ डोंगराकडे गेला होता

वाद घालायला मी कधी मागे सरत नाही, आणि त्या वाघाच्या बाबतीत तर मुळीच नाही. लांडग्यांनी वाढवलेल्या मुलाचा एक जुना इंग्रजी सिनेमा मी लहानपणी आमच्याच घरी पाहिला होता, धसईच्या पलीकडे, डोंगराखालच्या पाड्यावर. एकोणीसशे नव्वदच्या आसपासची गोष्ट. वडलांनी धसईहून भाड्याने टीव्ही आणि व्हीसीआर आणला होता आणि अख्खा पाडा आमच्या ओटीवर बसला होता. वडलांना इंग्रजीचा गंध नव्हता. तरी ते टीव्हीशेजारी उभे राहून प्रत्येक वाक्याचा अर्थ ठासून सांगत होते. शेवटी वाघ हरतो, मान खाली घालतो आणि डोंगराकडे निघून जातो. त्याची पाठ, हलणारी शेपटी, सगळं मला अजून दिसतं.

पंधराएक वर्षांनी शहापूरच्या बाजारात त्याच सिनेमाची सीडी मिळाली. माझी लेक तेव्हा सहा वर्षांची. कुठलंही जनावर मेलं की ही दोन दिवस नीट जेवायची नाही. "वाघ मरत नाही, मी स्वतः पाहिलंय," असं शपथेवर सांगून मी तिला टीव्हीपुढे बसवलं.

वाघ मेला. आगीत सापडून, अगदी डोळ्यांसमोर. सीडी मागे नेऊन पुन्हा लावली, तर पुन्हा मेला. लेक रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बघितलंच नव्हतंस." त्यानंतर ती मला एकही गोष्ट सांगू देईना, आणि ते मला फार लागलं.

मी पार चक्रावले. सिनेमा दुसरा म्हणावा, तर तेच अस्वल, तीच नदी, तीच माकडं. मग मला भ्रम झाला होता का? वडील असते तर त्यांनाच विचारलं असतं. रविवारी लेकीला घेऊन मुरबाडची एसटी धरली आणि माहेरी गेले.

आई अंगणात तांदूळ पाखडत होती. तिला वाघाचं विचारलं. "अगो, त्या दिशी वाघबारस नव्हती का?" ती म्हणाली. "सकाळी वेशीवर वाघदेवाला नारळ दिला, आन सांजच्याला त्यालाच मारताना बघायचा? तुज्या बापानं कसला शिनेमा ते न इचारता कॅसेट आणली. शिनेमातल्या पोरानं जळकं लाकूड उचललं, तसा तुज्या बापानं टीव्हीच बंद केला. पुढचं तोंडानं सांगितलं."

म्हणजे मी नुसती काळी काच पाहत बसले होते. जीव भांड्यात पडला, आणि वडलांचा थोडा रागही आला.

"म्हणजे वाघाला जाताना कुणीच पाहिलं नाही," मी म्हटलं.

आईने सूप खाली ठेवलं. "कुणीच कसं नाय? मी बघितला ना. शेपटी हलवत डोंगराकडं गेला."

लेक आजीच्या सुपाजवळ येऊन बसली. तिने विचारलं, "मागं वळून बघितलं त्यानं?"

"एकदा," आई आणि मी एकदमच म्हणालो, आणि लेक आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिली.